फ्रांगेस्कोसच्या घरी संत राहिले ते वर्ष

आमच्या गल्लीत समोरासमोर दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक फ्रांगेस्कोसचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ते दार मी बघत आले आहे, पण त्यातून फ्रांगेस्कोस आत-बाहेर करताना फारच थोड्या वेळा दिसला. वसंतात ईस्टरची लाल अंडी फोडून झाली की तो पिशवी खांद्याला लावून बंदराकडे निघायचा, तो ऑलिव्ह उतरवायच्या सुमारास परत यायचा. हिवाळ्यातही अर्धा वेळ अथेन्सजवळच्या पिरेअसच्या गोदीत, यॉटला रंग द्यायला नाहीतर इंजिन खोलायला. गल्लीतले सगळे त्याला कप्तान म्हणायचे. त्यात मान थोडा आणि चेष्टा जास्त असायची, कारण कप्तान तो श्रीमंतांच्या यॉटवर होता आणि आमच्याकडे मासे पकडणाऱ्यालाच समुद्राचा माणूस समजतात.

त्याचं काम असं होतं. दर शनिवारी नवे पाहुणे चढायचे, दूरदूरच्या देशांतले, आणि सात दिवस तो त्यांना बेटामागून बेट दाखवत फिरायचा. कुठल्या बेटावरचे जुने खांब सकाळी बघायचे आणि कुठल्या बेटावरचे उन्हं उतरताना, कुठल्या खाडीत पाण्याखालची भिंत दिसते, कुठल्या गावात म्हातारे अजून वाद्यं घेऊन बसतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. पाहुणे त्याच्यावर लुब्ध असत. जाताना गळ्यात पडायचे, पत्ते द्यायचे, बायका तर डोळे पुसायच्या. आणि शनिवारी दुपारी नवे चढायचे. आमचे हे एकदा म्हणाले, या माणसाचा जन्मभराचा गोतावळा आठवडाभराचा आहे. तेव्हा मला ते बोलणं जरा लागट वाटलं होतं.

त्याची बायको मोस्कूला. मूलबाळ नव्हतं. गोरीपान, हळू बोलणारी, दर शनिवारी सांजेच्या प्रार्थनेला माझ्या शेजारी उभी राहायची. तिची एकच इच्छा होती, आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. संत सोझोनना एक वर्ष घरी आणायचं.

व्रोली खाडीच्या टोकाला संत सोझोनचं पांढरं देऊळ आहे. सप्टेंबरात त्यांचा सण. सणाच्या सकाळी प्रार्थना संपली की पाद्रीबाबा विचारतात, आता कोण नेतो? जो पुढे येईल तो संतांची तसबीर घरी घेऊन जातो आणि पुढच्या सणापर्यंत तो यजमान. वर्षभर तसबिरीपुढचा लामणदिवा विझू द्यायचा नाही. दाराला कुलूप घालायचं नाही. येईल त्याला कॉफी, चमचाभर गोड आणि पाणी. आणि वर्ष भरलं की सणाच्या आदल्या संध्याकाळी देवळाशेजारच्या लांब खोलीत येतील तेवढ्या माणसांना जेवू घालायचं. यजमान घरात असावा लागतो. फ्रांगेस्कोस सप्टेंबरात कधीच नसे, त्यामुळे मोस्कूला दरवर्षी मागच्या रांगेत उभी राहून दुसऱ्या कुणाला पुढे जाताना बघायची.

त्या दिवशी त्याची यॉट बहुतेक व्रोलीवरूनच जायची. तो इंजिन मंद करायचा. पाहुणे फोटो काढायचे, पांढरं देऊळ, झेंड्यांच्या माळा, काळ्या कपड्यातल्या बायका. त्यातली एक त्याची होती, हे तो त्यांना सांगायचा की नाही, कोण जाणे.

मोस्कूला दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत गेली. महिनाभर अंथरुणावर होती. तो गोदीत होता. आजार एवढा असेल असं तिने फोनवर कळू दिलं नाही. तो पोचला तेव्हा आम्ही बायकांनी तिला न्हाऊ घालून काळा झगा चढवलेला होता. तो दाराशी उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांना वाकून 'धन्यवाद' म्हणाला, पाहुण्यांना म्हणावं तसं.

त्याने समुद्र सोडला. घरी राहू लागला. आणि मग लक्षात आलं की त्याला गावातलं कुणीच माहीत नाही. कोण कुणाची सून, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या घरात मागच्या दाराने जायचं, काही म्हणजे काही नाही. कॅफेत बसायचा तर एकटा, टेबलाच्या कडेला, वेटर जवळपास उभा राहतो तिथे.

त्याच सप्टेंबरात तो पहिल्यांदा सणाला आला. गाव आता ओसरलं आहे. मुलं अथेन्सला, घरं परदेशी माणसांना विकलेली. पाद्रीबाबा पापा-लेफ्तेरिस यांनी विचारलं, कोण नेतो? कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. संतांना कुणी नेलं नाही तर तसबीर बिशपच्या कोठीत जाते आणि तिथून काही परत येत नाही. शेजारच्या खाडीतल्या देवळाचं तसंच झालं. आमचे हे गुडघ्यांनी अधू, वर्षभराचं झेपणार नव्हतं. तेवढ्यात फ्रांगेस्कोस मागून चालत आला आणि हात पुढे केले. कुजबुज झाली. मी मात्र क्रूसाची खूण केली आणि मोस्कूलाला मनात सांगितलं, बाई, आलेच बघ संत तुझ्या घरी.

पहिले काही आठवडे सगळे गेले. संतांसमोर मेणबत्ती लावायची, बसायचं, कॉफी प्यायची, दोन गोष्टी बोलायच्या. लिंबाच्या सालांचा मुरांबा त्याने स्वतः केला होता आणि उत्तम केला होता. माझ्या खिडकीतून त्याचं लांब टेबल दिसतं. आलेल्या माणसाकडे तो असा बघायचा, जणू तो आत्ताच उठून जाईल.

मग त्याच्या हातून ते झालं.

ऑक्टोबरच्या शेवटी संत दिमित्रिओसच्या सणाच्या सुमारास परगावी कामाला गेलेले परततात, घराघरांत नवी वाइन उघडतात. फ्रांगेस्कोसला वाटलं, आपण नीट काहीतरी करावं. त्याने काही जणांना फोन केले, शनिवारी सहाला या म्हणून. आम्हालाही केला. फोन ठेवून हे माझ्याकडे बघत राहिले. संतांच्या घरी बोलावणं? आमच्याकडे यजमानाच्या दारी बोलावून कुणी जात नाही. दार उघडं आहे, हेच बोलावणं. एकाला बोलावलं म्हणजे बाकीच्यांना नको म्हटलं. पण त्याचं मन मोडू नये म्हणून आम्ही गेलो.

टेबल बघून माझे पाय दारातच थबकले. पांढरी चादर, पंख्यासारखे घडी घातलेले रुमाल, आणि प्रत्येक ताटापुढे एक छोटी जाड चिठ्ठी, तिच्यावर सुंदर अक्षरात नाव. कोण कुठे बसणार ते ठरलेलं. यॉटवर पहिल्या रात्री असंच करतात म्हणे. आम्ही आपापल्या नावापुढे जाऊन बसलो, शाळेतल्या मुलांसारखे. कुणाला काय बोलावं सुचेना. निकिफोरोस चीजवाला आपल्या चिठ्ठीकडे टक लावून बसला होता, जणू आपलं नाव बरोबर आहे ना ते तपासतोय.

आणि आनेझो आली. बेकरीवाल्याची विधवा, सत्तरीची, जिभेला धार. तिला फोन नव्हता गेला. ती यायची तशीच आली होती, हातात वाडगा, दारातून सरळ आत. तिने टेबल पाहिलं, चिठ्ठ्या पाहिल्या. शेवटच्या महिन्यात मोस्कूलाच्या उशाशी रोज हीच बसत होती, हे फ्रांगेस्कोसला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

तो चटकन उठला, अदबीने, अगदी गोड हसून. "या ना. एक जास्तीची खुर्ची आणतो."

आनेझोने वाडगा खाली ठेवला. "संतांच्या घरात जास्तीची मीच का रे?" ती म्हणाली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरी कुणी आलं नाही.

गावाने काही ठरवून केलं नाही. ज्यांना फोन नव्हता त्यांना वाटलं आपण नको आहोत. ज्यांना होता त्यांना वाटलं, आता गेलो तर लोक म्हणतील हे बघा चिठ्ठीवाले. मी जायची, दिव्याला तेल घेऊन, पण शेजारणीचं जाणं त्यात धरत नाहीत. हिवाळाभर वारा त्या गल्लीतून घोंघावत असायचा आणि ते दार उघडं. तो ओव्हरकोट घालून बसायचा. रोज संध्याकाळी कॉफीचं भांडं मांडायचा, कपबश्या पुसून ठेवायचा, आणि टेबलाच्या स्वयंपाकघराकडच्या टोकाला बसायचा. स्वतःच्या घरात तो मधल्या खुर्चीवर बसलेला मी कधी पाहिला नाही. संत भिंतीवर, दिवा तेवत, आणि हा दाराकडे तोंड करून. पुष्कळदा मी इकडे भांडी घासता घासता संतांच्या नावाने प्रार्थना करायची की आज कुणीतरी चुकून तरी शिरावं.

उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हा त्याने मला विचारलं. तेल ओतताना त्याच्याकडे माझी पाठ होती, म्हणून त्याला विचारता आलं असावं.

"शेजारीणबाई, माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो का?"

मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. मी वळले आणि सगळं सांगितलं. फोनचं, चिठ्ठ्यांचं, आनेझोचं. ती मोस्कूलाच्या उशाशी बसायची, तेही. तो ऐकत होता, हातात पुसायचं फडकं. मग म्हणाला, तीस वर्षं मी हेच शिकलो की माणसाला आपली जागा राखून ठेवलेली दिसली की तो सुखावतो.

घरोघर जाऊन माफी मागू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते पुन्हा बोलावणंच होईल. मग काय करू? मी म्हटलं, दिवा विझू देऊ नका. मला तरी दुसरं काय सुचणार होतं.

आता त्याला एकच घोर लागला. सणाच्या संध्याकाळी लोक देवळात येतील, संतांसाठी येतील, पण त्याच्या टेबलाला बसतील का? आणि तसेच निघून गेले, तर सकाळी तसबीर न्यायला कोण पुढे येणार? मोस्कूलाने जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्याच्याच हाताने संपायचं. तो वाळत चालला. पापा-लेफ्तेरिस धीर द्यायचे, पण त्यांचाही चेहरा उतरलेला असे.

ऑगस्टमध्ये त्याच्या जुन्या कंपनीतून फोन आला. ऑफिसातली वासिया म्हणून बाई होती, गोड बोलणारी. पाहुण्यांना आता नुसते खांब आणि समुद्र पुरत नाहीत, तिने सांगितलं, त्यांना लोकांचं खरं जगणं बघायचं असतं. कप्तानांच्या घरचाच सण आहे म्हटल्यावर यॉट त्या संध्याकाळी व्रोलीत नांगरायची. सगळे पाहुणे जेवायला येतील. खर्चाची चिंता नको. फक्त देवळाच्या बाजूचं एक टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवायचं, आणि प्रार्थना जरा आटोपशीर, सूर्य बुडायच्या आत.

हे त्याने मला अंगणातून सांगितलं, फोन हातातच. मी बघत होते, त्याच्या मनात काय चाललंय ते तोंडावर दिसत होतं. ते पाहुणे नक्की येणार होते. टेबलं भरणार होती. रिकाम्या खोलीत कढई घेऊन उभं राहावं लागणार नव्हतं. आणि पाहुण्यांचं कसं करायचं ते त्याच्याइतकं कुणाला येत होतं?

त्याने तिला संध्याकाळी फोन लावला, मी तेल ओतत होते. या, म्हणाला, सगळे या, पैसे नकोत. पण जागा राखत नाही. प्रार्थना संपेल तेव्हा संपेल, आणि खुर्ची मिळेल तिथे बसायचं, नाही मिळाली तर पुढच्या पंगतीला. पलीकडून बरंच बोलणं झालं असावं. शेवटी तो म्हणाला, "वासिया, तिथे माझी बायकोसुद्धा उभी राहायची." फोन ठेवल्यावर त्याने दिव्याची वात सारखी केली. ती सारखीच होती.

सणाच्या आदल्या दिवशी उत्तरेचा वारा जोरात सुटला. होड्या कमी निघाल्या. चण्याची मडकी पहाटेच भट्टीतून निघाली होती, बोकडाचं मटण मोठ्या पातेल्यांत रटरटत होतं, आमच्याकडे हे पुरुषांचं काम. किती माणसांचं, हे विचारायचं नसतं. त्याने भरपूर केलं होतं. इतकं भरपूर की बघून मलाच धडकी भरली.

लोक आले. काही होडीने भिजत, बरेचसे डोंगरावरच्या पायवाटेने. देऊळ भरलं, अंगणही. प्रार्थनेत मी मागे वळून पाहिलं तर खाडीच्या तोंडाशी एक उंच पांढरी यॉट दिसली. क्षणभर रेंगाळली, आणि भूशिराच्या आड पलीकडच्या बेटाकडे गेली. फ्रांगेस्कोसनेही पाहिली. मग तो खाली मान घालून प्रार्थना गुणगुणत राहिला.

प्रार्थना संपली. पाद्रीबाबांनी पाव मोडून वाटला. सगळे अंगणात उभे राहिले. लांब खोलीचं दार सताड उघडं, आत टेबलांवर पाव, ऑलिव्ह, वाइन. दारात फ्रांगेस्कोस, खांद्यावर टॉवेल. दरवर्षी यजमान ओरडतो, चला रे, निवेल! याच्या तोंडून शब्द फुटेना. बोलावून एकदा घालवलं होतं, आता बोलवायचीच धास्ती. आणि लोक उभे. कुणी चपलेतला खडा काढतंय, कुणी वाऱ्याबद्दल बोलतंय. एका घरातली माणसं तर पायवाटेकडे वळलीसुद्धा. आमच्या ह्यांचा हात मी घट्ट धरला. आम्ही पुढे जाऊन उपयोग नव्हता, आम्ही चिठ्ठीवाले.

आनेझो भिंतीशी दगडावर बसली होती. काठी टेकत उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय कप्तान, माझी चिठ्ठी कुठल्या खुर्चीवर आहे?"

"चिठ्ठ्या नाहीत, मावशी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला. "माझी जागा कुठे, ते मलाच माहीत नाही."

"मग दारातून तरी सरक," आनेझो म्हणाली. "भूक लागलीय लोकांना."

तो सरकला. ती आत जाऊन मधोमध बसली. तिच्यामागे निकिफोरोस आणि त्याची बायको, मग सगळे, ढकलाढकली करत, जशी दरवर्षी होते. पायवाटेकडे वळलेले परत फिरले. फ्रांगेस्कोस वाढत होता. तीन पंगती झाल्या. तो शेवटपर्यंत बसला नाही. कुणी बस म्हटलंही नाही, यजमानाला म्हणत नाहीत.

दुसऱ्या सकाळी पापा-लेफ्तेरिस यांनी विचारलं तेव्हा निकिफोरोसची बायको त्याला कोपराने ढोसतच होती. त्याने हात पुढे केले. गावभर घंटा वाजवत आम्ही संतांना वरच्या आळीला, त्याच्या घरी पोचवलं. फ्रांगेस्कोसने तसबिरीचं चुंबन घेतलं, ती निकिफोरोसच्या हातात दिली, आणि सगळे आत शिरले तेव्हा तो गल्लीतून एकटा खाली उतरला. गर्दीत ते फार जणांच्या लक्षात आलं नाही.

मी संध्याकाळी प्रसादाचा पाव घेऊन गेले. भिंतीवर तसबिरीएवढा पांढरा चौकोन उरला होता. तो टेबलाच्या त्याच टोकाला बसला होता.

"पाहुणे सातव्या दिवशी जातात, त्याची मला सवय आहे," तो म्हणाला. "वर्ष राहून जातात तेव्हा काय करायचं असतं?"

मी पाव ठेवला आणि आले.

पुढचे काही दिवस कुणी फिरकलं नाही. कशाला फिरकतील? संत तिकडे होते, कॉफी तिकडे होती, मीही तेल तिकडेच नेऊ लागले होते. क्रूसाच्या सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी, गल्लीत काठीचा आवाज आला. आनेझो. मला वाटलं ती वरच्या आळीला निघाली असेल. ती समोरच्या दारात शिरली.

आधी ती चण्यांत मीठ कमी होतं त्याबद्दल बोलली, बराच वेळ. मग मटणाबद्दल. फ्रांगेस्कोस उभाच होता, कॉफीचं भांडं हातात घेऊन, हो मावशी, हो मावशी. मग ती म्हणाली, "बस खाली. मान दुखते वर बघून." त्याने टोकाची खुर्ची ओढली. "तिथे नको. इथे, मला कमी ऐकू येतं." तो तिच्यासमोर, मधल्या खुर्चीवर बसला.

"ती शेवटच्या दिवसांत काय काय बोलायची," आनेझो म्हणाली, "ते तुला सांगायचं राहिलंय."

मी इकडे भाजी चिरत होते. हात पुसले आणि खिडकी लावून घेतली.